कृष्णसाराच्या हद्दीत

ज्या देशी कृष्णसार मृग स्वभावतःच संचार करतो तो देश यज्ञकर्मास योग्य समजावा, असा मनुस्मृतीचा निर्वाळा आहे. आणि तो प्रमाण मानावयाचा तर वाशिम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळचे माळरान यज्ञास सर्वथैव योग्य ठरते, फक्त ऋत्विजांनी सावली बरोबर आणावी. सुमारे १८ चौरस किलोमीटरचा हा गवताळ मुलूख २००० साली काळविटांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. माझ्या एका छायाचित्रकार स्नेह्यांच्या दिवाणखान्यात या जिल्ह्यातील त्यांची तीन लाडकी चित्रे टांगलेली असून, ‘काय ही निर्मनुष्य शांतता!’ असे उद्गार पाहुण्यांकडून वदवून घेतल्याखेरीज ते चहाची आज्ञा सोडीत नाहीत. तिपाई वाहण्याची कामगिरी तिन्ही प्रसंगी मजकडे असल्यामुळे त्या शांततेची कैफियत मांडणे मला प्राप्त आहे.

पहिले चित्र वाशिम शहराला पाणी पुरविणाऱ्या एकबुर्जी जलाशयाचे. पहाटेच्या सोनेरी लहरी आणि त्यांवर चक्रवाकांची जोडी. कविसंकेताप्रमाणे ही जोडी रात्रभर विरह भोगून नुकतीच भेटलेली. प्रत्यक्षात ती शेजारीशेजारी चोची खुपसून झोपली होती आणि पाणी इतके निश्चल होते की स्नेही हताश झाले. लहरी उठविल्या त्या डुंबावयास उतरलेल्या म्हशींनी. त्या चौकटीबाहेर राहिल्या, आणि त्यांना हाकणाऱ्या पोराच्या शिव्या चित्रात उमटत नाहीत.

दुसऱ्यात मावळतीच्या उन्हात झळाळणारे गवत आहे. त्याविषयी इतकेच सांगतो की त्यास कुसळी म्हणतात, आणि तिचा पुष्कळसा भाग आम्ही पायमोज्यांतून मुक्कामी नेला.

तिसऱ्या चित्रापूर्वी थोडे विषयांतर. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत रथातून ज्याचा पाठलाग करतो तो कृष्णसारच, आणि मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळास जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीस लोक शकुंतला म्हणत, हा योगायोग मला मोठा हृद्य वाटतो. गाडी आता बंद आहे. परंतु राजाने तिच्यातून पाठलाग केला असता, तर आश्रमातील वैखानसाला आडवे येण्याची तसदीच पडली नसती.

तर तिसरे चित्र हवेत झेपावलेल्या काळविटाचे. नर वयाबरोबर काळा होत जातो, आणि माजावर आला म्हणजे आपल्या वतनाची चतुःसीमा ठरविण्यास मोजणीदाराची वाट पाहत नाही: डोळ्यापाशी असलेल्या ग्रंथीचा स्राव काड्यांना पुसून आणि ठरावीक जागी लेंड्यांची रास घालून तो आपला फेरफार स्वतःच नोंदवितो, व दुसऱ्या नराने हरकत घेतल्यास तिचा निकाल पिळदार शिंगांनी जागच्या जागी लावतो. असा एक वतनदार अभयारण्याच्या कडेला हेरून स्नेही बांधाआड पालथे पडले. वतनदार उभा होता, तो उभाच राहिला. ऊन चढले, स्नेह्यांच्या मानेवरून मुंग्यांची वहिवाट सुरू झाली, तरी त्याने कानापलीकडे काही हलविले नाही.

इतक्यात मागून आवाज आला, ‘काय हरपलं, बाप्पा? काय शोधून रायले?’ राखणीचा पत्र्याचा डबा हाती घेतलेले एक वृद्ध शेतकरी आमच्यामागे उभे होते. स्नेह्यांनी ओठांवर बोट ठेवून अदबीने समोर निर्देश केला. आजोबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले, आणि त्यांची मुद्रा पालटली.

‘हे तं माह्या हरबऱ्यात चरून रायलं ना!’

डबा असा कडाडला की काळवीट जमिनीपासून पुरुषभर उंच उडाला आणि दचकलेल्या स्नेह्यांचे बोट आपोआप कळीवर दाबले गेले. त्या चित्राखाली आता ‘स्वच्छंद’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे.

आजोबांनी मात्र आम्हांस बांधावर बसवून पाणी पाजले, खुडलेल्या हरभऱ्याचे ताटवे फिरून दाखविले, आणि नुकसानभरपाईच्या अर्जास जोडावयास म्हणून त्या फोटोची एक प्रत मागितली. स्नेह्यांनी ती उत्तम कागदावर छापून, कोपऱ्यात स्वाक्षरी करून, रजिस्टर टपालाने रवाना केली. पंचनाम्याच्या कामी ती बाद ठरेल, असे माझे मत मी त्यांना टपाल टाकण्यापूर्वीच दिले होते. कारण चित्रात हरिण आहे, आकाश आहे, परंतु हरभरा कोठेच नाही.