शॉप ॲक्टवाले शेठ

गंगाखेड-लोहा रस्त्यावरच्या पालमसारख्या तालुक्याच्या गावात हे शेठ हमखास भेटतात. गल्ल्यामागे बालाजीच्या फोटोशेजारी एक कागद काचेत मढवलेला असतो आणि सकाळची उदबत्ती दोघांनाही सारखीच ओवाळली जाते. कुणी लायसनचं विचारलं, की शेठ मान न वळवता अंगठा मागे करतात, "शॉप ॲक्ट काढलाय ना भाऊ!" या एका कागदावर बियाणं, भजी, फवारणीचं औषध आणि वेळ पडल्यास विमानही विकता येतं, अशी त्यांची श्रद्धा. मौज अशी, की 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीतूनच मोकळं केलं. धंदा सुरू केल्याचं ऑनलाइन कळवायचं, पोच घ्यायची. म्हणजे शेठ पूजा करतात ती पोचपावतीची! खरी विचारपूस असते ती मालाची. बियाण्याला 1983 चा आदेश, खताला 1985 चा, कीटकनाशकाला 1968 चा कायदा. एका कृषी सेवा केंद्राला परवाने तीन. दारातल्या भजीच्या कढईला अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी आणि काट्याला वैधमापनचा शिक्का वेगळा.

शेठ म्हणतील, "गरिबानं धंदा करावा का कागदं गोळा करावीत?" तक्रार अगदीच खोटी नाही. ओटीपी येतो तेव्हा सर्व्हर गेलेला असतो. पण उद्यम नोंदणी फुकट आहे, भजीवाल्याची अन्नसुरक्षा नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते. महाग पडतो तो "मी बघतो सगळं" म्हणणारा एजंट. "आजवर कुणी विचारलं नाही," हा त्यांचा दुसरा मुद्दा. विचारणारे येतात तेव्हा बहुधा कुणाचं तरी शिवार उगवलेलं नसतं. 2017 मध्येच यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. औषध विकणाऱ्याला शेतीचं शिक्षण हवं, ही परवान्याची अट अशा वेळी जाचक वाटत नाही. पंपाला किती औषध घालायचं हे सांगणारा कुणी तरी दुकानात असावा, एवढंच ती मागते. शेठना कागदाचं वावडं आहे म्हणावं, तर तेही नाही. विकायच्या मालाची यादी करून प्रत्येक नावापुढे लायसन कुणाचं, एवढं लिहायला अर्धा तास पुरे. तो अर्धा तास शेठ उधारीची वही चाळण्यात घालवतात आणि तिच्यात तीन खरिपांपूर्वीचे साडेसात रुपयेसुद्धा तारखेसकट सापडतात.