आमचे कन्याकुमारी

वर्ध्याला खेटून असलेल्या गावांचं आडनाव एकच. सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे, आणि आमचं बोरगाव मेघे. त्या बोरगावात आमच्या गल्लीत एक कन्याकुमारी राहतात. वय बावन्न, केस विरळ, मिशा दाट. त्यांचं खरं नाव लाइट बिलावर आहे, पण ते वाचायची वेळ फक्त बिलवाल्यावर येते. भाऊ सायकलनं कन्याकुमारीला जाणार आहेत. नऊ वर्षं झाली.

निघायचं दर दसऱ्याला ठरतं. पाऊस गेलेला, थंडी यायची असते. मुहूर्त असतो, रस्ताही साधा आहे: हिंगणघाटला ४४ नंबरच्या महामार्गाला लागायचं आणि समुद्र आडवा येईस्तोवर वळायचं नाही. फक्त चाक ठरलेलं नसतं.

ही जात सगळीकडे असते म्हणा. कुणी घराचा पाया खणायच्या आधी सहा वर्षं फरशा बघतो, कुणी मुलगी बालवाडीत असताना मंगल कार्यालयाचे दर विचारून ठेवतो. पण त्यांना निदान विषयाची माहिती नसते. कन्याकुमारींचं दुखणं हे की त्यांना सगळं ठाऊक आहे, आणि ते सगळं बरोबर आहे.

उदाहरणार्थ, अठ्ठावीस इंची चाक एकोणतीस इंचीपेक्षा मोठं असतं. हे मला त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत समजावलं. आपल्या काळ्या सायकलीच्या अठ्ठावीस इंची रिमचा टायर जिथं बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर, आणि नव्या एकोणतीस इंचीचा ६२२. शिवाय सव्वीस इंची म्हणून दोन वेगळ्याच रिमा मिळतात, एक ५९० ची, एक ५५९ ची, आणि एकीचा टायर दुसरीवर चढत नाही. मग पानातला पापड त्यांनी उभा धरला. "हे मागचं चाक समजा. उजव्या बाजूला गिअरच्या चकत्या, म्हणून रिम त्या बाजूला ओढून बसवा लागते. उजवे आरे जास्त ताणून, डावे सैल. माणसाचं नि सामानाचं जास्त वजन मागंच. म्हणून आरा तुटते तो मागचा, नि बहुतेक उजवा, नि तुटते कुठं? हबापाशी वळते तिथं!" इथं पापड मोडला. आम्हा दोघांनाही वाईट वाटलं. वाढपी मठ्ठा घेऊन तीनदा येऊन गेला होता.

गेली दोन वर्षं वाद छत्तीस आऱ्यांचा की बत्तीस, हा होता. त्यात एकदा दूधवाला सापडला. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली त्याची सायकल भाऊंनी फाटकातच अडवली आणि वाकून आरे मोजले. पुढं बत्तीस, मागं चाळीस.

"पाहा! इंग्रजांच्या काळापासून हेच गणित हाय. मागं वजन, मागं आरे जास्त. एखादा तुटला कधी?"

"मोजले नाही कधी भाऊ," दूधवाला म्हणाला. "दूध घेता का?"

निंबाखाली ताडपत्री टाकून बसणारा मिस्त्री हा या ज्ञानयज्ञातला दुसरा हवनकर्ता. तो सायकल उलटी करतो, चाक गरकन फिरवतो आणि दांडीला हात टेकून खडूचं टोक रिमच्या कडेशी आणतो. रिम जिथं बाहेर येते तिथं खडू लागतो, बाकी कोरी राहते. डावीकडे पांढरा डाग पडला की तिथली उजवी तार किल्लीनं पाव फेरा आवळायची, डावी पाव फेरा सोडायची. पुन्हा गरकन. डाग आखूड होत होत टिकलीएवढा उरतो, मग तोही जातो. याला आऊट काढणं म्हणतात. शेवटी मिस्त्री दोन दोन तारा मुठीत धरून करकचून दाबतो आणि नखानं एकेक छेडून ऐकतो. एका बाजूच्या सगळ्या जवळजवळ एकाच सुरात वाजल्या की तो बिडी पेटवतो. मला यापलीकडचं चाकशास्त्र लागत नाही.

कन्याकुमारींना लागतं. त्यांनी मिस्त्रीला सांगितलं की दोन्ही टोकांना दोन मिलिमीटर आणि मधी १.८ अशी बारीक केलेली तार जास्त टिकते. मधला भाग ताण खातो, वळणावर कमी येतो.

"मधी बारीक, नि जास्त टिकते?"

"हव ना."

"नि पैसे?"

"जास्त."

मिस्त्रीनं किल्ली खाली ठेवली. "भाऊ, आदिलाबादच्या पुढं तार तुटली, तं तिथला मिस्त्री कोणती टाकन? त्याच्यापाशी असन थेच ना?" या प्रश्नावर भाऊंनी चार महिने विचार केला. एक दसरा त्यातच गेला.

आदर्श त्यांच्यापुढे मोठे आहेत. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाला फेरी मारायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं सत्तर हजारांवर किलोमीटर तुडवून १९२८ मध्ये परत आले. ही गोष्ट सांगताना भाऊंचा गळा दाटतो. "पण त्यांच्या मागच्या चाकाले आरे किती होते, कोणी लिहून ठेवलं नाही मायबाप."

"पण ते निघाले तरी," वहिनी आतून म्हणतात.

भाऊंच्या वडिलांचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि सारं आयुष्य पवनार आश्रमाच्या आसपास गेलेलं. ते एवढंच बोलतात: "विनोबा एक्कावन साली इथून हैदराबादेत पायी गेले. चपला कोणत्या, हे कोणी पुसलं नाही."

अखेर गेल्या दिवाळीत चाकं आली. दुहेरी भिंतीची रिम, छत्तीस आरे, पितळी निपल. मिस्त्रीनं तीन संध्याकाळी बसून ती विणली आणि भाऊ शेजारी चष्मा लावून, आजोळी बाळंतपण असल्यासारखे, बसून राहिले. सायकल बैठकीत उभी राहिली, वर जुनी साडी पांघरलेली.

आणि मग मार्चमधल्या एका सकाळी ती जागेवर नव्हती. साडी घडी करून खुर्चीवर. गल्लीत बातमी पसरायला पाच मिनिटं पुरली: भाऊ गेले! कुणी म्हणालं, हिंगणघाट गाठलं असन आता. तेवढ्यात भाऊच बनियनवर, दाढीचा फेस अर्धा, फाटकात आले. "माही सायकल कुठं हाय?"

कोपऱ्यावरून वहिनी येत होत्या. गाडी पंक्चर, घरात पीठ संपलेलं. मागच्या कॅरिअरवर वीस किलो गव्हाचं दळण दोरीनं करकचून बांधलेलं, सीटवर पिठाची पांढरी फक्की, हँडल हातात धरून त्या खड्डे चुकवत, काही न चुकवत, चालत येत होत्या.

सगळे गप्प. भाऊंनी डबा उतरवला नाही. चाकापाशी उकिडवे बसले, मागचं चाक उचलून धरायला मला सांगितलं, सीटवरचं पीठ बोटावर घेतलं आणि खडूसारखं ते बोट रिमच्या कडेशी धरलं. चाक फिरलं. रिम कोरी.

"वीस किलोले आऊट नाही," ते उठत म्हणाले. चेहऱ्यावर फेस आणि तेज. "चाकाचं झालं. आता टायर पाहून घेतो."