वाजवी झीज

पस्तीस वर्षे वाईच्या दुय्यम निबंधक कचेरीत भाडेपट्टे, गहाणखते, खरेदीखते आणि बक्षीसपत्रे यांच्या नोंदी करता करता ज्याची दृष्टी अधू झाली, त्या मनुष्याला सातासमुद्रापलीकडे जाऊन कोणी भाडेपट्ट्याविषयी चार गोष्टी शिकवील, ही कल्पना न्यू जर्सीतील एडिसन गावी पाऊल ठेवीपर्यंत मला हास्यास्पद वाटत असे. चिरंजीवांच्या दारात उभी असलेली पांढरीशुभ्र मोटार त्यांची स्वतःची नसून छत्तीस महिन्यांच्या भाडेपट्ट्यावर आणलेली आहे, हे पहिल्या वारीत कळले, तेव्हा मी एवढेच म्हणालो, "म्हणजे तू कूळ आहेस." चिरंजीव हसले. पुढे जे घडले ते पाहता त्यांनी हसायला नको होते आणि मीही त्यांना कूळ म्हणायला नको होते. कारण कुळाला जे संरक्षण असते त्याचा तेथे मागमूसही नव्हता.

आमच्याकडे भाडेकरू आणि घरमालक यांचा संबंध किती प्रगल्भ असतो, हे ज्यांनी १९४७ सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याखाली आयुष्य काढले त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. साडेसतरा रुपये भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत आजोबांनी प्रवेश करावा आणि नातवाने त्याच भाड्याची पावती मागावी, मालकाने गळके छप्पर न शाकारण्यात आणि कुळाने जागा न सोडण्यात आपापला पुरुषार्थ मानावा, अशी ती व्यवस्था होती. तीत जिन्याच्या पायऱ्या झिजत, उंबरे झिजत, दोन्ही पक्षांचे वकीलसुद्धा झिजत. परंतु त्या झिजेचा आकार कोणी कोणाकडून मागितल्याचे स्मरत नाही, कारण झिजेचा हिशेब वस्तू परत करताना करावयाचा असतो आणि परत करणे हा प्रकारच आमच्याकडे नव्हता.

कायद्यात मात्र तो होता. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये असे सांगितले आहे, की भाडेकरूने मिळकत जशी ताब्यात घेतली तशीच सुस्थितीत परत करावी. वाजवी झीज आणि अनिवार आपत्ती यांमुळे झालेला बदल तेवढा क्षम्य. हे मी चिरंजीवांना ऐकविले. ते कलम स्थावर मिळकतीस लागू आहे, मोटार ही जंगम आहे आणि एडिसन हे गाव सातारा जिल्ह्यात नाही, असे तीन आक्षेप त्यांनी एका दमात घेतले. पोराला वकील करायला हवे होते.

त्यांनी समजावून दिलेली पद्धत अशी. नवी मोटार तीन वर्षांनी किती किमतीची उरेल याचा अंदाज कंपनी आधीच बांधते. आजची किंमत आणि ती उरणारी किंमत यांतील अंतर म्हणजे घसारा. त्या घसाऱ्याचे छत्तीस भाग करून त्यांवर व्याज चढविले, की दरमहाचा हप्ता तयार होतो. व्याजाचा दर शेकड्यात सांगण्याचा सरळपणा मात्र त्या दस्तऐवजात नव्हता. तेथे ०.००२ असा एक निरुपद्रवी दिसणारा अपूर्णांक होता आणि त्यास २४०० ने गुणले असता द.सा.द.शे. ४.८ हा दर निघतो, हे चिरंजीवांनी सांगितले तेव्हा, रोख्यातील व्याज मुद्दलात मुरविणारे आमच्या तालुक्यातील कित्येक दिवंगत सावकार डोळ्यांपुढे उभे राहून त्या कागदास नमस्कार करीत असल्याचा मला भास झाला. शिवाय वर्षास १२,००० मैल, म्हणजे मुदतीत ३६,००० मैल एवढेच फिरण्याची मुभा. वर फिरल्यास दर मैली २० सेंट दंड. आणि हे सारे फेडून झाल्यावर मोटार परत करताना 'वाजवीपेक्षा अधिक' झीज आढळली तर तिचे पैसे वेगळे. झिजेचे पैसे दरमहा हप्त्यातून देतोच आहोत, मग ही झिजेवरची झीज कोणती, असा माझा बिनतोड सवाल होता. १९७६ सालापासून त्या देशात ग्राहकांच्या भाडेपट्ट्यांचा एक केंद्रीय कायदा आहे आणि झिजेची मोजपट्टी वाजवी असली पाहिजे असे त्यात म्हटले आहे, एवढे सांगून चिरंजीवांनी मोटारीचे दार अतिशय हलक्या हाताने लावले. ते दार कोणी आपटलेले तीन वर्षांत मी ऐकले नाही.

त्या पहिल्या वारीच्या वेळी हिवाळा होता आणि मोटार तीन महिन्यांची होती. ब्रिजवॉटरच्या व्यंकटेश्वराच्या देवळात तिची पूजा यथासांग झाली होती. परंतु ती दाक्षिणात्य पद्धतीने झाल्यामुळे बॉनेटवर श्री काढलेली नव्हती, आणि ज्याने पस्तीस वर्षे कागदाच्या माथ्यावर श्री काढल्याशिवाय एक अक्षर लिहिले नाही त्याला ही उणीव सोसवणे अशक्य होते. एका रविवारी सर्व मंडळी घरात असताना मी ओले कुंकू घेऊन बाहेर गेलो. थंडी अशी की हातमोजा काढताच बोट बधिर झाले. म्हणून पूजेच्या तबकात सुपारीजवळ ठेवलेला रुपया उचलून त्याच्या कडेने मी एक सुरेख, ठसठशीत श्री रेखाटली. वेलांटी तर अशी साधली होती की थोडे मागे सरून मी ती दोनदा पाहिली. दुसऱ्या दिवशी बर्फ पडले, कुंकू धुऊन गेले, आणि श्री तशीच राहिली. सरळ पाहिल्यास ती दिसत नसे. सायंकाळची तिरपी उन्हे बॉनेटवर पडली की मात्र ती प्रकट होई. चिरंजीव सायंकाळी कचेरीत असत, हा ईश्वरी संकेतच.

दुसऱ्या वारीला आम्ही उभयता मे महिन्यात गेलो. ऑगस्टअखेर मुदत संपावयाची होती आणि काट्यावर मैल भरले होते अवघे २९,०००. उरलेल्या ७,००० मैलांचा परतावा काय मिळतो, असे मी विचारले. काहीही मिळत नाही, असे उत्तर आले. अधिक फिरल्यास मैलास २० सेंट यांनी घ्यावयाचे आणि कमी फिरल्यास यांनी एक छदामही द्यावयाचा नाही! १,४०० डॉलर डोळ्यांदेखत बुडत असताना स्वस्थ बसणे हा माझा स्वभाव नव्हे. मी नायगाऱ्याचा प्रस्ताव मांडला. जाऊन-येऊन सुमारे ८०० मैल, म्हणजे १६० डॉलर सरळ वसूल, असा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर करून दाखविला. पेट्रोल आणि दोन रात्रींची खोली यांचा त्यात उल्लेख नाही, ही सूनबाईची हरकत तांत्रिक स्वरूपाची होती.

धबधब्याविषयी मी काही लिहीत नाही. तो मोठा आहे. जाताना पुढे चाललेल्या खडीच्या मालमोटारीतून हरभऱ्याएवढा एक दगड उडून समोरच्या काचेवर बसला आणि तेथे नखाएवढी खूण झाली. परत येईपर्यंत उन्हाने तिला वीतभर तडा फुटला. येताना, बाहेरच्या खाण्यावर पैसे उधळू नयेत म्हणून बरोबर घेतलेल्या दशम्यांसोबतचे पिठले, नातवाच्या मांडीवरून निसटून मागच्या आसनाच्या राखाडी कापडावर सांडले. पिवळा डाग मी होऊन फार मनावर घेतला नसता. हळद उन्हाने उडते, हे आमच्या घरच्या धोतरांवरून मला ठाऊक होते. परंतु सूनबाईने घाईने त्यावर कपडे धुण्याचे साबणपाणी ओतले, आणि क्षार लागताच हळदीचा जो धर्म आहे त्याप्रमाणे क्षणार्धात त्या डागाचा रंग पालटला. आमच्या सौभाग्यवतींनी त्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगबाई, हळदीचं कुंकू झालं!"

जुलैत पंचनामा झाला. मुदत संपण्यापूर्वी कंपनीच्या वतीने एक परीक्षक घरी येऊन मोटार तपासून जातो, म्हणजे ज्याला दुरुस्त्या करावयाच्या त्याला सवड मिळते. आलेला गृहस्थ तरुण, विनयशील आणि अत्यंत घातक होता. त्याच्या एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात पैसे काढण्याच्या कार्डाच्या मापाची एक पट्टी होती. चरा किंवा पोचा त्या साडेआठ सेंटिमीटर लांबीच्या कार्डाखाली संपूर्ण झाकला गेला तर ती वाजवी झीज, आणि त्याचा एखादा अवयव बाहेर डोकावला तर आकार. न्यायाचे इतके सुटसुटीत साधन मी आमच्या दिवाणी न्यायालयांत पाहिले नाही. मी पंच या नात्याने त्याच्या मागोमाग फिरत होतो. टायर उत्तीर्ण झाले; त्यांची परीक्षा आदल्या रात्रीच चिरंजीवांनी आमच्याकडून करवून घेतली होती. पाव डॉलरचे नाणे टायरच्या खाचेत उलटे खुपसायचे. वॉशिंग्टनसाहेबांच्या डोक्याचा माथा बुडाला तर खाच एक अष्टमांश इंच खोल आहे असे समजायचे आणि निर्धास्त निजायचे. एका सेंटचे नाणे खुपसून लिंकनसाहेबांचाही माथा वर राहिला, तर खाच एक षोडशांशाच्याही खाली गेली आणि टायर रस्त्यावर चालविण्याच्याच लायकीचे नाही. राष्ट्राध्यक्षांना अशा कामाला जुंपणाऱ्या लोकशाहीविषयी माझा आदर त्या रात्री दुणावला. चाकाची एक रिम पदपथाच्या कडेला घासलेली निघाली. ते कृत्य चिरंजीवांचे स्वतःचे असल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

आसनापाशी परीक्षक बराच वेळ ओणवा राहिला. तांबडा डाग पाहून त्याची मुद्रा गंभीर झाली आणि हे कसे झाले, असे त्याने फार जपून विचारले. "डाळीचे पीठ," मी सांगितले. त्याने माझ्याकडे, मग डागाकडे, मग नातवाकडे पाहिले. मूल हयात आणि खेळकर आहे याची खात्री पटल्यावरच त्याने पुढची नोंद केली.

बॉनेटची पाळी आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, ऊन डोक्याकडे सरकत होते, आणि श्री प्रकट होण्याचे काही कारण नव्हते. पण त्या मनुष्याने विजेरी तिरपी धरली. साक्षात श्री उजळली. चिरंजीवांनी तीन वर्षांत पहिल्यांदाच ती पाहिली आणि अक्षर ओळखले. परीक्षकाने कार्ड ठेवले. 'श' झाकला गेला, रकार झाकला गेला, आणि माझ्या त्या डौलदार वेलांटीची कमान तेवढी कार्डावरून बाहेर डोकावत राहिली. आखूड वेलांटी काढली असती तर सुटलो असतो. कबीराने आपली चादर जशीच्या तशी परत केली असे सांगतात. तिच्यावर कोणी कार्ड ठेवून पाहिले नव्हते, एवढेच.

अखेर त्याने दोन्ही किल्ल्या मागितल्या. एकच होती. घरात शोधाशोध सुरू झाली आणि सूनबाईने दिवाणखान्यातील किल्ल्यांचा वाडगा तीनदा उपडा केला. "बाबा, दुसरी किल्ली त्या हिवाळ्यात तुमच्याकडे असायची ना?" असे चिरंजीवांनी विचारले, आणि हे खरे होते: बर्फाच्या दिवसांत सकाळी सात वाजता खिडकीत उभे राहून त्या किल्लीचे बटण दाबायचे, म्हणजे खाली मोटार आपोआप सुरू होऊन तापत राहते, हे काम माझ्याकडे सोपविलेले होते आणि निवृत्तीनंतर मिळालेला तो एकमेव अधिकार मी एक दिवसही चुकविला नव्हता. परंतु निघताना किल्ली मी स्वहस्ते त्या वाडग्यात ठेवली, असे मी निक्षून सांगितले. आणि तेवढ्यावर न थांबता, कचेरीच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या पस्तीस वर्षे कशा सांभाळल्या, कोणत्या नोंदवहीत त्यांची देवघेव लिहिली जाई, आणि हल्लीच्या पिढीला वस्तूची किंमत कशी नाही, हे परीक्षक निघून गेल्यावरही काही वेळ सांगत राहिलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, माझ्याच हातून कुठे पडली असेल." मी उदार मनाने तो विषय तेथेच मिटविला.

बिल आले ते असे: बॉनेट २७५, काच ३५०, आसन १५०, रिम १२५, किल्ली ३४०; एकूण १,२४० डॉलर. मोटार परत घेण्याच्या श्रमाबद्दल आणखी ३९५ डॉलरची बिदागी होती. परंतु त्याच कंपनीची नवी मोटार पुन्हा छत्तीस महिन्यांच्या पट्ट्यावर घेतल्यास ती माफ होणार होती, आणि चिरंजीवांनी ती माफ करून घेतली. नवी मोटारही पांढरीच आली. तिची पूजा करावयास मी निघालो तेव्हा नातू माझ्याबरोबर आला. त्याला तसे सांगून ठेवलेले असावे. त्याने माझ्या हातात गुलाबाची एक पाकळी दिली आणि ती बॉनेटवर नुसती ठेवायची, टेकवायची नाही, असे बजावले.

ऑक्टोबरात आम्ही वाईस परतलो. दिवाळी सरली, कृष्णेवरून झोंबरे वारे येऊ लागले, तेव्हा सौभाग्यवतींनी माझा लोकरी कोट ट्रंकेतून काढून उन्हात टाकला. उन्हाळ्यात जायचे म्हणून या वारीला तो बरोबर नेला नव्हता. त्या पहिल्या हिवाळ्यानंतर तो डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेतच होता. झटकताना त्याच्या आतल्या खिशातून काहीतरी फरशीवर पडले.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही कसली किल्ली?"

मी ती हातात घेतली. अंगणात जाऊन बटण दाबून पाहिले. समोरच्या वडाखाली बसलेले कुत्रे तेवढे उठले. एडिसनला फोन करावा असे सौभाग्यवतींचे मत पडले, आणि सूनबाईने उच्चारलेले वाक्य त्यांनी मला शब्दशः ऐकविले. फोन मी करणार आहे. तूर्त तेथे रात्र आहे. किल्ली शिधापत्रिकेच्या खिळ्याला अडकविली आहे. छत्तीस महिन्यांच्या त्या भाडेपट्ट्यातून आमच्या कुटुंबाच्या निर्वेध मालकीची झालेली ती एकच वस्तू असून, तिच्यावर अद्याप एकही ओरखडा नाही.