पावतीचा पाहुणा

(स्थळ : महाबळेश्वरच्या लगतचे एक गाव, जावळीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या डोंगराच्या माथ्यावरील दोन एकर जमीन व तीवरचे एक जुने कौलारू घर. शेठ, ज्यांचे शेतकरी असणे केवळ दाखल्यापुरतेच उरले आहे, नुकतेच सातबाऱ्यावर चढले आहेत. वास्तुशिल्पी नकाशा पसरून बसला आहे. महसूल खात्यातून निवृत्त झालेले अव्वल कारकून सल्ल्यासाठी बोलावलेले असून चहासाठी आले आहेत.)

शेठ : ज्या शांततेच्या शोधात शहरातला दमलाभागला मनुष्य इथवर येतो, ती शांतता त्याला खोलीत पाऊल टाकताक्षणी मिळावी, जेवताना मिळावी, पोहताना मिळावी आणि रात्रीच्या वाद्यवृंदातही मिळावी, अशी माझी कल्पना आहे. चोवीस खाटा, शंभर पानांचे उपाहारगृह, आणि पश्चिमेला अखंड काचेची भिंत!

वास्तुशिल्पी : काच कशासाठी?

शेठ : दरी दिसावी म्हणून.

वास्तुशिल्पी : जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे दरी नसते.

शेठ : जाते कुठे?

वास्तुशिल्पी : धुक्यात. इथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे उभ्या माणसाच्या तिप्पट उंचीचा पाऊस पडतो. आणि तो पडतो हेही म्हणण्याची रीत, वास्तविक तो पश्चिमेकडून आडवा येतो. म्हणूनच या घराच्या मूळ मालकाने पश्चिमेची भिंत आंधळी ठेवली, पावसाळ्याच्या तोंडी तिला गवताचे तट्टे बांधले, वळचण वाकून शिरावे इतकी खाली ओढली आणि दार पूर्वेला काढले. तो काही सृष्टिसौंदर्याला विटलेला नव्हता; त्याला अंथरूण कोरडे हवे होते.

शेठ : बरे, मग भिंती कारवीच्या कुडाच्या करा. वर शेणामातीचा गिलावा. अस्सल ग्रामीण!

कारकून : कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आणि उगवते ती बहुधा राखीव जंगलात. ती तोडलीत तर कूड तुमचा आणि खटला सरकारचा.

शेठ : कारवीसारखे हुबेहूब दिसणारे प्लॅस्टिक पुण्यात मिळते.

(वास्तुशिल्पी डोळे मिटून घेतो.)

कारकून : पाण्याची काय व्यवस्था?

शेठ : त्यात काय? दोन कूपनलिका.

कारकून : शेठ, २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. भूजल काढायचे ते जमिनीच्या भोगवटादाराने आपल्या शेतीपुरते व घरगुती वापरापुरते, असे त्या अधिसूचनेत नमूद आहे.

शेठ : मग झालेच की! अतिथी म्हणजे देव, आणि देव घरातच असतो. तस्मात् पाहुण्याचा वापर तो घरगुती वापर.

कारकून : पाहुणा निघताना आपण त्याला काय देता?

शेठ : पावती.

कारकून : पावती दिली की तो घरचा राहत नाही.

वास्तुशिल्पी : पावसाचेच पाणी साठवावे. खाटेमागे दरदिवशी १८० लिटर हा भारतीय मानकाचा आकडा उपाहारगृहाला लागू करता येत नाही, म्हणून तूर्त निव्वळ खाटा धरू. चोवीस खाटांना रोजचे ४,३२० लिटर झाले; पाऊस ओसरल्यापासून पुन्हा पडेपर्यंतचे आठ महिने धरले, तर सुमारे दहा लाख लिटर. गंमत अशी, की २०० चौरस मीटर छपरावर पाच मीटर पाऊस पडला, तर तोही गळती सोडून दहा लाख लिटरच भरतो.

शेठ : (आनंदाने) पाहा, निसर्गाचीही संमती आहे!

वास्तुशिल्पी : संमती आहे, फक्त ते पाणी मावायला वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल टाके लागेल.

शेठ : आणि ते येणार कुठे?

वास्तुशिल्पी : आपल्या पोहण्याच्या तलावाच्या जागी. सपाट जमीन तेवढीच आहे. बाकीच्या उतारावर खोदकाम केले, तर पहिल्याच पावसाळ्यात आपली मालमत्ता परस्पर जावळीच्या खोऱ्यात वर्ग होईल.

शेठ : मग पाहुणे टाक्यातच पोहतील.

कारकून : आणि दुसऱ्या दिवशी तेच पितील.

(दीर्घ स्तब्धता. कारकून दुसरा चहा मागवतात.)

शेठ : निदान चुलीवरचे जेवण तरी ठेवा. पिठले, नाचणीची भाकरी, ठेचा. पाटी मी रंगवूनही घेतली आहे.

वास्तुशिल्पी : शंभर पानांची चूल पेटवायची, तर जळण कुठून आणणार?

कारकून : त्याची चिंता नको. चुलीवरच्या जेवणाची बहुतेक ठिकाणी चूल दर्शनी असते आणि जेवण मागच्या गॅसवर.

शेठ : (खचून) म्हणजे तुम्ही दोघे मिळून माझे राहू देणार तरी काय आहात?

वास्तुशिल्पी : हे जुने घर. कौले उतरवून फुटलेली बदलू, वळचण तशीच ठेवू, गोठ्यात तीस पानांची पंगत बसेल, वर सहा खोल्या निघतील. खाटा बारा झाल्या की टाके निम्म्यावर येते. दिवे खाली तोंड केलेले. रात्री वाद्यवृंद नाही.

शेठ : मग ग्राहक पैसे कशाचे देईल?

कारकून : अंधाराचे. तो शहरात मिळत नाही, आणि त्याला अजून परवानगीही लागत नाही.

(शेठ बराच वेळ नकाशाकडे पाहतात, आणि काचेच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने काट मारतात. पाटी मात्र ते गाडीत ठेवतात.)

वाचकांपैकी कोणी अशा निवासाची नोंदणी करणार असल्यास, खोलीतून दरी दिसते का, हे विचारण्याआधी मे महिन्यात तिथे पाणी कुठून येते, एवढे अवश्य विचारावे. कारण त्या महिन्यात, एवढ्या पावसाच्या या मुलखातही, काही गावांत पाणी टँकरनेच येते.