जिराफाची मान

जळकोटला प्राणिसंग्रहालय झालंच पाहिजे, असा फ्लेक्स गेल्या महिन्यात चौकात लागला. वाघ, सिंह, हत्ती, जिराफ. जिराफाला मुंडकं नव्हतं. मान वर वर जायची आणि डोक्याच्या जागी हात जोडलेले 'भावी आमदार' यायचे.

फ्लेक्सवाल्या पोराला विचारलं. म्हणाला, "काका, धा बाय आठमधी मान बसना झाल्ती. मग काय भावीला कापू?"

बिनतोड.

तेव्हापासून मला तो जिराफ सोडत नाही. आमच्या माळावर तो खाणार काय, सोयाबीनचं भुसकट? पाणी प्यायला त्याला पुढचे पाय फाकवून वाकावं लागतं. उन्हाळ्यात टँकरपुढच्या घागरींच्या रांगेत तेवढी जागा कुणी देणार नाही. भावींचं बरं आहे, त्यांना पाच वर्षांतून एकदाच वाकायचं असतं.

मी भावींना निरोप धाडला: प्राणिसंग्रहालय जरूर करा, पण आधी गिधाडं पाळा. कार्यकर्ता हसला. "काका, गिधाडासंगं सेल्फी कोण काढंल?"

हसा. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातून ९९.९ टक्के संपली. हजारात एक उरलं. बंदुकीनं नाही, गोठ्यातल्या डायक्लोफेनॅकच्या सुईनं. सुई घेतलेला बैल मेला, गिधाडांनी खाल्ला, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तर माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचल्या. त्या बंद व्हायला २०१५ उजाडलं. गिधाडाची जोडी वर्षाला घालते एकच अंडं. म्हणून तर हरियाणात पिंजोरला पिंजऱ्यात त्यांची पैदास करावी लागली, भोपाळ-हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयांनीही ते काम अंगावर घेतलं, आणि २०२४ साली पिंजोरची गिधाडं ताडोबा-पेंचपर्यंत आली. पिंजरा असावा तर असा, ज्यातून जनावर परत रानात जातं. पण टकलं गिधाड फ्लेक्सवर शोभत नाही ना! सभेत मात्र लागतं. माईक हातात आला की हे पुढारी एकमेकांना 'गिधाडं' म्हणतात. अरे, कुणाला कुणाचं नाव देता? गिधाड जनावर मरेपर्यंत थांबतं. तुम्ही चारा छावणी उघडायच्या आधीच चारा खाता! त्या पाखराला अब्रूनुकसानीचा दावा लावता आला असता, तर तालुक्यातला एक माईक शिल्लक राहिला नसता.

परवा आमच्या शिवाराच्या कडेला एक बैल मेला. माझ्या लहानपणी असा बैल पडला की आभाळातून गिधाडं उतरायची आणि दुपारपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. हा तीन दिवस पडून आहे. वास मारतो म्हणून मालकानं त्यावर चौकातून उतरवलेला फ्लेक्स पांघरलाय, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. रात्री कुत्री येतात. त्यांनी मानेपासून सुरुवात केली आहे.