हिवाळी पक्षीतज्ज्ञ व्हा (पक्ष्यांकडे न बघता)

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की पुण्यातल्या सुशिक्षित माणसाला दोन गोष्टी होतात: सर्दी आणि पक्षीनिरीक्षण. सर्दी आठवड्यात जाते. दुसऱ्यासाठी हे मार्गदर्शन. ध्येय माफक ठेवलं आहे. फेब्रुवारी उजाडेपर्यंत तुमच्या भागातल्या निसर्ग मंडळात तुम्हाला सगळ्यांनी ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणायला हवं. त्यासाठी पक्षी पाहण्याची सक्ती नाही.

१. आधी सामान घ्या. दुर्बीण मागितलीत की दुकानदार ‘८ बाय ४२’ म्हणेल. हे गाळ्याचं माप नव्हे. आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ. दुर्बीण गळ्यात अडकवा. डोळ्यांना लावू नका, कारण लावली की मागचे लोक ‘काय दिसतंय?’ विचारतात आणि मग सांगावं लागतं. पक्ष्यांना आपण झुडूप वाटावं म्हणून मातकट-हिरव्या ठिपक्यांचा शर्ट शिवून घ्या. थंडी असते, म्हणून त्यावर नारिंगी जर्किन घाला.

ऐपत असेल तर ६०० मिलिमीटरची लेन्स घ्या. मंडळात ज्येष्ठता वयावर ठरत नाही, लेन्सच्या लांबीवर ठरते. ऐपत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या लेन्सवाल्याची तिकाटणी उचलायला माणूस लागतोच.

२. पहिली सहल भिगवणची. पहाटे साडेचारला स्वारगेट, असा निरोप येईल. सव्वापाचला पोहोचा, तरी पहिले तुम्हीच असाल. सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर जायचं असतं. पक्षी सर्वांत जास्त हालचाल करतात ती सूर्योदयानंतरची वेळ मिसळीसाठी राखून ठेवा. दुसऱ्या पावासाठी थांबलेल्या काकांना घाई करू नका, ते संस्थापक सदस्य आहेत.

बसमध्ये एवढं पाठ करा. भिगवण ज्याच्या काठावर आहे, ते भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. पाणी उतरलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चरायला रोहित येतात. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर ते उशिरा येतात. म्हणून सुस्कारा टाकून म्हणा, ‘यंदा पाऊस फार चांगला झाला, सगळा घोटाळा झाला.’ हे वाक्य बसमध्येच म्हणा. खाली उतरल्यावर आजूबाजूला ऊसवाले शेतकरी असतात.

३. नावं मराठीतच घ्या. फ्लेमिंगो कुणीही म्हणतं. कुणी ‘रोहित’ म्हटलं तर तुम्ही ‘अग्निपंख’ म्हणा आणि तो ‘अग्निपंख’ म्हणाला तर ‘रोहित’. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश घरात दर्शनी जागी ठेवा, उघडलात तर फायदाच होईल. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी म्हणजे वारकरी. ‘समोर वारकरी आहेत’ असं ऐकून सोबतच्या मावशींनी हात जोडले तर हसू नका, तुम्हीही मघाशी जोडलेत. फावड्यासारखी चपटी चोच पाण्यात फिरवतो तो थापट्या. मिसळ खाताना गरुडाशी नजरानजर झाल्याचं सांगत होते, ते मंडळाचे सचिव.

तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात तपकिरी नसतं, पांढरं असतं आणि डोळ्यामागे काळा ठिपका असतो. यात तुमचा काही दोष नाही.

४. होडीत नावाड्याशेजारची जागा धरा. सगळ्या मार्गदर्शनाचं सार या एका फळीवर आहे. नावाड्याकडे दुर्बीण असेल किंवा नसेल, त्याला ती लागत नाही. लहानपणापासून तो याच पाण्यात जाळी टाकत आलाय. तो हलक्या आवाजात सांगेल, ‘त्या तिकडं, खांबावर, भोवत्या.’ तुम्ही तीन सेकंद थांबा, डोळे बारीक करा आणि सगळ्या होडीला ऐकू जाईल असं म्हणा, ‘भोवत्या! खांबावर!’ कौतुक झालं की मान किंचित खाली घाला. नावाडी काही बोलणार नाही. दर रविवारी त्याच्या होडीत असा एक तज्ज्ञ तयार होतो, त्याला सवय आहे.

पट्टकदंब दिसले की आवाज खाली आणा: ‘हिमालय ओलांडून आलेत.’ हे खरं आहे, त्यामुळे बिनधास्त सांगा. फक्त आपण मिसळ ओलांडून आलो, हे त्याच दमात सांगू नका.

५. कुरवांना फरसाण टाकू नका, असं भाषण करा. लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून आलेल्या पक्ष्याला तळलेली शेव घालणं कसं चूक, हे नीट समजावा. मग शेजारच्या होडीत कुणी टाकतंय का पाहा आणि त्यांच्याभोवती कुरव जमले की भराभर फोटो काढा. शेव त्यांची, फोटो तुमचा.

६. झुडपात काहीतरी बारीक, मातकट हललं तर लगेच ‘वटवट्या’ म्हणा. कुठला, असं विचारलं तर ‘आवाज ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही’ म्हणा. खरे तज्ज्ञही अगदी हेच म्हणतात. मात्र मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बाहेर काढू नका. आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला, असं समजून तो बिचारा भांडायला धावतो. मंडळात हे काम करायला माणसं आधीच पुरेशी आहेत.

७. यादीत आकडा लिहा. ‘भरपूर’ लिहिणारा नवशिका आणि ‘४३७’ लिहिणारा तज्ज्ञ. फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची जागतिक गणना असते, किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसतील ते पक्षी मोजायचे. ही पंधरा मिनिटं जपून वापरा, गॅलरीतला फोटोही त्यातच काढायचा आहे. कबुतरं सोडून द्यायची नसतात, हे मात्र क्लेशदायक आहे.

परतताना चिलापीचं ताट खा. रोहित दिसले नसतील त्या सदस्यांचं सांत्वन करण्याची पद्धत तीच आहे.

८. एवढं जमलं की पुढच्या नोव्हेंबरात तुम्हाला शाळेत व्याख्यानाला बोलावतील. ५ तारखेला चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा, म्हणून मधला पक्षी सप्ताह. पडद्यावर पट्टकदंब दाखवा, हिमालय सांगा, आवाज खाली आणा. टाळ्या संपल्यावर तिसऱ्या बाकावरची मुलगी विचारेल, ‘काका, चिमणा आणि चिमणी कसे ओळखायचे?’

घाबरू नका. ‘छान प्रश्न! कोण सांगेल बरं?’ असं म्हणून वर्गावर नजर फिरवा. एखादा मुलगा सांगेलच, ‘चिमण्याच्या गळ्याखाली काळं असतं!’

‘शाब्बास,’ म्हणा आणि पाठ वळवून वहीत लिहून घ्या.