खोली देणे आहे, पण कोणाला?

पुण्यातल्या पेठेत ज्याच्या घरची माडी विद्यार्थ्यांना भाड्याने दिली जाते, त्या मुलाने म्युनिकला शिकायला जाऊ नये. जायचंच असेल तर आईच्या वतीने सगळ्या जुन्या भाडेकरूंची आधी माफी मागून घ्यावी. जिन्यात ताटकळणाऱ्या मुलांना आई "गाव कुठलं? मटण खाता का? मित्र किती येतात?" विचारायची, तेव्हा मी वरच्या पायरीवर बसून शेंगा खात असे. नियती असले हिशेब लिहून ठेवते आणि वसुली युरोत करते.

म्युनिक हे जर्मनीतलं सर्वांत महागड्या भाड्यांचं शहर. त्यात हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि त्याच्या तोंडावरच ऑक्टोबरफेस्ट भरतो. म्हणजे नवे विद्यार्थी आणि जगभरचे बिअरभक्त एकाच गादीवर हक्क सांगतात. त्या दिवसांतले हॉटेलचे दर ऐकले की स्टेशनवरच पथारी पसरावीशी वाटते.

विद्यापीठात प्रवेश म्हणजे हॉस्टेलही आलंच, हा आपला समज. इथे वसतिगृहं चालवते 'श्टुडिरेन्डनवेर्क' नावाची वेगळी संस्था आणि तिथली प्रतीक्षा सेमिस्टरमध्ये मोजतात. त्यांचं सर्वांत देखणं ठिकाण ऑलिम्पिक व्हिलेज. १९७२ च्या ऑलिम्पिकला महिला खेळाडू उतरल्या होत्या, तिथे आज विद्यार्थ्यांचे बुटके, दुमजली बंगले आहेत. त्यांच्या दर्शनी भिंती मुलं आपल्या हाताने रंगवतात. मी गेलो तेव्हा एकजण गच्चीवर टोमॅटोला पाणी घालत होता. "कधी जाणार?" असं त्याला विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मग स्वतंत्र घर बघितलं. जर्मन माणूस घर रिकामं करतो म्हणजे खरोखरच रिकामं करतो. स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसते पाइप डोकावताहेत आणि छताला दिव्याच्या जागी दोन तारा लोंबताहेत. "किचन तुमचं तुम्ही आणा," एजंट म्हणाला. पुण्याहून येताना बॅगेत कुकर घेतला होता, ओटा राहिला.

त्याच सुमारास एका सज्जनाची ईमेल आली. ते कामानिमित्त परदेशी असतात, देवभीरू आहेत, डिपॉझिट पाठवलं की किल्ली पोस्टाने धाडतील. एकही प्रश्न न विचारता मला खोली द्यायला तयार झालेला अख्ख्या जर्मनीतला हा एकच माणूस, आणि तो भामटा होता.

उरला एकच मार्ग, 'वेगे'. म्हणजे तिघा-चौघांनी मिळून केलेलं बिऱ्हाड. जाहिरातीतच बजावलेलं असतं, 'केवळ डोक्यावर छप्पर हवं असलेल्यांनी येऊ नये.' मला नेमकं तेवढंच हवं होतं. तरी गेलो. जिन्यात उमेदवारांची रांग. माझ्या पुढच्या मुलीच्या हातात घरी केलेला केक. आत टेबलापलीकडे तिघेजण आणि मध्ये वाफाळता चहा.

रात्री आईचा फोन. "काय काय विचारलं रे?"

"रविवारी सकाळी काय करतोस, डोंगर चढतोस का, रागावलास तर बोलून दाखवतोस की आतल्या आत धुमसतोस."

"आणि भाडं वेळेवर देशील का?"

"ते नाही विचारलं."

"मग कसली रे ती माणसं!" आई हादरलीच. चौघांचं जेवण एकत्र करणार का, हे मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं. आई भाडेकरूला वेगळी चूल मांडू देत नसे. इथे मी वेगळी चूल मांडतो की काय, याची त्यांना धास्ती.

खोली मिळाली! केक आणणारीला मांजराची अ‍ॅलर्जी निघाली आणि घरात मांजर होतं. पण जर्मनीत खोली मिळणं आणि तिथे राहत असल्याचं सिद्ध होणं ही दोन वेगळी कामं. व्हिसासाठी ११,९०४ युरो खात्यात अडकवून आलेला मी, पण त्यातले महिन्याचे ९९२ हाती यायला इथलं बँक खातं हवं. माझ्या बँकेला पत्त्याची नोंदणी हवी. नोंदणी दोन आठवड्यांत करायची आणि त्यासाठी घरमालकाची सही हवी. घरमालकाला सहीआधी तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट हवं, आणि ते अर्थातच बँकेतून. अखेर एका सीनियरने उसने दिले, तेव्हा चक्र फिरलं.

चक्र खरोखरचंही होतं, फ्रिजवर लावलेलं. पुठ्ठ्याचं. दर आठवड्याला ते एक घर पुढे सरकायचं आणि बाथरूम, कचरा, जिना यांपैकी एक काम माझ्या नावासमोर यायचं. रिकाम्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या, आणि त्याही रविवारी टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो. रात्री दहानंतर शांतता. मी सव्वादहाला वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली तशी तिन्ही दारं एकदम उघडली. मग कोणी म्हटलं, "वास छान आहे," आणि सगळे पेले-चमचे घेऊन टेबलाशी बसले. शांततेचा नियम त्या रात्री साडेअकरापर्यंत स्थगित झाला.

आठवडाभरात माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं. स्वागताचं असेल म्हणून उघडलं तर रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो. माझ्याकडे रेडिओही नव्हता, टीव्हीही. पण वर्गणी घरामागे असते, तेव्हा चौघांत वाटून माझ्या वाट्याला ४.५९ आले. न ऐकलेल्या रेडिओचे पैसे मी मोजून, वर पावती मागून दिले. पत्त्यावर बिलं येऊ लागली की माणूस त्या गावचा झाला. आता वसूल व्हावेत म्हणून रेडिओ घेणार आहे, पण रात्री दहाच्या आत ऐकण्यापुरताच.